मेंढरांसाठी काही उपयुक्त सूचना

खोटा संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप आणल्याचं खोटं सांगणारा, ओळखायला शिकू नका. फार तापदायक विद्या आहे ती. एकदा ओळखला की पुढचं सगळं आलं. उठून जावं लागतं, दिलेल्या पैशांचा हिशोब आठवतो, आणि ज्या बहिणीला आपणच हाताला धरून त्याच्या सभेला नेलं तिला तोंड दाखवावं लागतं. त्यापेक्षा न ओळखणं बरं. त्यालाही थोडी साधना लागते, पण घाबरू नका, दोन-तीन रविवारांत जमते.

पहिली अडचण प्रभू येशूनेच करून ठेवली आहे. हे लोक मेंढरांच्या वेषात येतील, आतून लांडगे असतील, आणि फळांवरून ओळखू येतील, असं डोंगरावरच्या प्रवचनात तो सांगून गेला. तेव्हा फळ म्हणजे गर्दी, असं धरून चाला. किती लोक आले, किती जण जमिनीवर कोसळले, किती भुतं निघाली, किती जणांनी साक्ष दिली, हे मोजत राहा. फक्त मत्तयाचा सातवा अध्याय सोळाव्या वचनावर मिटा. थोडं खाली, बाविसाव्या वचनात, काही जण प्रभूसमोर नेमका हाच हिशोब मांडतात: तुझ्या नावाने संदेश दिले, भुतं काढली, अद्भुत कृत्यं केली. त्यावर मिळणारं उत्तर आहे, मला तुमची कधीच ओळख नव्हती. तिथवर वाचलंत तर मी जबाबदार नाही.

पुस्तक वेळेवर मिटता येणं ही या साधनेतली खरी सिद्धी. बायबलातल्या विधवेच्या दोन टोल्यांचं, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांचंच घ्या. दानाच्या थैल्या फिरायला लागल्या की ही विधवा हमखास बोलावली जाते. श्रीमंतांनी उरलेल्यातून टाकलं, तिने होतं नव्हतं ते टाकलं. मग तुमचं काय? ही गोष्ट मार्काच्या बाराव्या अध्यायात एकेचाळिसाव्या वचनापासून सुरू होते. चाळिसाव्यात काय आहे? लांब झगे घालून मिरवणाऱ्या, देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणाऱ्या आणि विधवांची घरं गिळून टाकणाऱ्या शास्त्र्यांपासून सावध राहा, असा इशारा. त्याच्या पाठोपाठ एक विधवा येते आणि शेवटची दमडी टाकून जाते. तेरावा अध्याय उघडताच येशू त्याच मंदिराबद्दल म्हणतो, इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकात पडले, वचनांचे सोळाव्या, आणि वक्त्यांची मोठी सोय झाली. वरचं दार बंद, खालचं दार बंद, आणि मधल्या खोलीत ती एकटी बाई, रोज नव्याने दान टाकायला उभी.

मी एकदा अशा एका वक्त्याला सभेनंतर भीतभीत विचारलं होतं, की चाळिसावं वचनही वाचून दाखवता का. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्यातला शंकेचा आत्मा बांधून टाकला. तुम्ही विचारू नका. बिरुया गावातले लोक दररोज शास्त्र काढून प्रेषित पौलाचं बोलणं पडताळून बघत होते आणि प्रेषितांच्या कृत्यांत (१७:११) त्याबद्दल त्यांची तारीफ आहे, हे खरं. पण तो पौल होता. त्याला पडताळणी सोसायची. तो तंबू शिवून पोट भरायचा, आणि आपण कुणाच्या सोन्यारुप्याचा किंवा वस्त्राचा लोभ धरला नाही, असं चारचौघांत छातीठोकपणे सांगू शकायचा. सगळ्यांनाच कसं परवडेल?

शंका फारच सतावू लागली तर स्तोत्र १०५ मधलं पंधरावं वचन म्हणा: माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका. अभिषिक्त म्हणजे अर्थातच ज्याच्या हातात माईक आहे तो. त्या स्तोत्रात ही ताकीद राजांना आहे आणि संरक्षण आहे ते संख्येने मूठभर असलेल्या, बिऱ्हाड पाठीवर घेऊन परक्या मुलखात भटकणाऱ्या अब्राहामाच्या घराण्याला. पण तेवढा मागचा-पुढचा संदर्भ बघायला वेळ कुणाकडे आहे! नाथान संदेष्ट्याला हे वचन माहीत नसावं, नाहीतर तो अभिषिक्त दावीद राजासमोर उभा राहून ‘तो मनुष्य तूच आहेस’ असं म्हणाला नसता. पौलानेही अंत्युखिया शहरात थोरल्या प्रेषित पेत्राला तोंडावर दोष दिला. जुन्या लोकांना वडीलधाऱ्यांचा मान राखायची रीत नव्हती, असं म्हणून सोडून द्या.

तुमच्या घरातल्या गोष्टी त्याला न सांगता कशा कळतात, या प्रश्नात तर शिरूच नका. १९८६ साली अमेरिकेत जेम्स रँडी नावाचा जादूगार त्यात शिरला. पीटर पोपॉफ हे चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभा, घेणारे गृहस्थ श्रोत्यांची नावं, पत्ते, आजार धडाधड सांगत. रँडीच्या माणसांनी रेडिओचा यंत्रसंच लावून ऐकलं, तर कानातल्या छोट्या यंत्रातून बोलत होती ती त्यांची बायको. माहिती आली होती सभेआधी लोकांनीच भरून दिलेल्या प्रार्थना-कार्डांवरून. हे टीव्हीवर दाखवलं गेलं, पुढच्या वर्षी पोपॉफांनी दिवाळं जाहीर केलं. आणि मग? काही वर्षांनी ते पुन्हा टीव्हीवर आले, या वेळी चमत्काराचं पाणी घेऊन. पाणी मागवणारी मेंढरंही होतीच. साधना म्हणतात ती ही.

जगाच्या अंताची तारीख सांगणारा भेटला तर डायरीत लिहून घ्या, आणि चुकली की दुसरी लिहा. विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ची रात्र जागून काढली. हॅरल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११ सांगितली, मग २१ ऑक्टोबर. तो दिवस देवदूतांनाच काय, पुत्रालाही ठाऊक नाही, असं पुत्र, म्हणजे येशू, स्वतः म्हणाला होता. पण आपल्या वक्त्याचा अभ्यास थोडा जास्त असू शकतो.

पहिल्या ख्रिस्ती मंडळ्या याबाबतीत फार कोत्या मनाच्या होत्या. डिडाखे नावाची त्यांची एक छोटी नियमपुस्तिका आहे, १८७३ साली तिचं हस्तलिखित कॉन्स्टँटिनोपलमध्ये हाती लागलं. फिरता प्रेषित आला तर एक दिवस ठेवून घ्या, गरज पडली तर दोन; तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलला नाही तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर खोटा. आत्म्याच्या भरात पंगत मांडायला सांगून स्वतःच पानावर बसला, तरी खोटा. दुसऱ्या कुणा गरजवंतासाठी मागत असेल तर मात्र त्याच्यावर शंका घेऊ नका. बघा, कसली क्षुद्र, स्वयंपाकघरातली परीक्षा! सिद्धान्तावर वाद नाही, दृष्टान्तांची चर्चा नाही. नुसतं ताटाकडे बघायचं. ही पुस्तिका आपल्यात प्रचलित नाही, याबद्दल देवाचे आभार माना.

आता एक शंका तुम्ही काढाल म्हणून आधीच सांगतो. इतकं करूनही नकळत ओळखला गेलाच तर? पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहितो, लोकांच्या कानांना खाज सुटेल आणि ते आपल्या आवडीप्रमाणे शिक्षक गोळा करतील. शिक्षक लोकांना गोळा करतील असं तो म्हणत नाही, हे लक्षात घ्या. इथे जुन्या करारातला, इस्राएलाचा अहाब राजा आपला आदर्श. लढाईला जाऊ का, असं त्याने चारशे संदेष्ट्यांना विचारलं, चारशेही म्हणाले जा, जिंकशील. एकाने तर लोखंडाची शिंगं करून अभिनयही करून दाखवला. मीखाया नावाचा एकटा उरला होता, त्याचा राजाला तिटकारा, कारण तो कधी बरं बोलायचा नाही. बोलवायला गेलेल्या माणसाने वाटेत त्याला समजावलं, बाबा, सगळे एक बोलतायत, तूही तसंच बोल. मीखाया आला आणि तसंच बोलला: जा, जिंकशील. राजा तिथल्या तिथे उखडला. खरं तेवढंच बोल, म्हणून तुला किती वेळा शपथ घालायची?

म्हणजे चारशे तोंडांतून गोड लागलेलं तेच वाक्य चारशे एकाव्या तोंडातून खोटं आहे हे त्याला क्षणात कळलं. मग मीखायाने खरं सांगितलं. लोखंडी शिंगंवाल्याने त्याच्या मुस्काटात मारली, राजाने त्याला तुरुंगात धाडलं. आणि विजयाची चारशे वचनं खिशात असलेला हा राजा रणांगणावर निघताना राजवस्त्रं उतरवून, वेष पालटून गेला. कुणीतरी सहज सोडलेला बाण चिलखताच्या सांध्यात शिरला आणि संध्याकाळी तो मेला.

मीखायाच्या वाट्याला तुरुंगात थोडी भाकर आणि थोडं पाणी, एवढा हुकूम होता. चारशेंपैकी कुणाचं जेवण चुकल्याची नोंद नाही.