कागद मागायचाच तर ठेकेदाराला मागा ना!

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, एका बऱ्यापैकी मोठ्या दवाखान्यासमोर. दवाखान्याचं नाव सांगत नाही, नागपुरात असे ढीगभर आहेत. आधारच्या झेरॉक्सवरच माझं घर चालते, तरी सांगतो, त्या आधारच्या नावाखाली गरिबाचं जे करून राहिले ना, ते पाहून डोकं फिरते.

माणूस बाहेर ऑटोत तापानं फणफणला आहे, धाप लागली आहे, अन् काउंटरवरचा पोरगा मान वर न करता म्हणते, "आधार आणा." अरे बाबा, तो कळमन्यात पोती उचलते, नाहीतर कुठल्या फ्लॅट स्कीमच्या आठव्या माळ्यावर सेंट्रिंग ठोकते. त्याचं आधार गावी पेटीत पडलं आहे, नाहीतर उचल दिली म्हणून मुकादमानं ठेवून घेतलं आहे. कोठून आणणार तो?

2021 चा मे महिना. दुसरी लाट. अर्धं शटर पाडून बसलो होतो तर एक छत्तीसगढी रेजा, म्हणजे बांधकामावरची मजूर बाई आली, डिप्टी सिग्नल वस्तीकडची. नवरा बाहेर ऑटोत. तिनं कमरेची पन्नी सोडली अन् माझ्या काचेवर एकेक कागद मांडला: हजेरीची चिठ्ठी, पोराचं लसीचं कार्ड, राजनांदगावचं चुरगळलेलं बसचं तिकीट. "भैया, इसमें से कुछ चलेगा क्या?" काय सांगू बाप्पा तिला?

सुप्रीम कोर्टानं 30 एप्रिल 2021 लाच सांगून ठेवलं होतं, की स्थानिक पत्त्याचा पुरावा नाही, किंवा ओळखपत्रच नाही, म्हणून देशात कोणत्याही राज्यात पेशंटला भरती नाकारायची नाही, औषधही नाकारायचं नाही. स्पष्ट शब्दांत. मी त्या आदेशाची प्रिंट काढली अन् स्वतः काउंटरवर नेऊन दिली. उत्तर काय? "आम्हाला वरून काही आलं नाही." सुप्रीम कोर्टाच्या वर अजून कोण असते भाऊ? मग कोणीतरी नगरसेवकाला फोन लावला. त्याचा एक फोन आला अन् भरती झाली. आधार लागलंच नाही! म्हणजे नियम कधी नव्हताच, फक्त बिनओळखीच्या माणसासाठी होता.

लसीचंही तेच. 1 मेपासून अठरा वर्षांवरच्यांना लस, पण आधी कोविन या सरकारी वेबसाइटवर नाव घाला, ओटीपी घ्या, स्लॉट पकडा. इथे शिकलेल्या पोरांना स्लॉट भेटत नव्हते, बटणाच्या मोबाइलवाल्यानं काय करावं? ओळखपत्र नसलेल्यांसाठी केंद्रानं वेगळी पद्धत काढली होती, हे खरं. पण सकाळी ठिय्यावर, म्हणजे मजूर काम शोधायला थांबतात तिथे, उभ्या माणसाला ती सांगायला कोण गेलं?

आता माझा खरा राग ऐका. ज्याच्याकडे कागद नाही त्यालाच सगळे कागद मागतात. तो कागद ज्यानं करून द्यायचा, त्या ठेकेदाराला कोणी विचारतच नाही. 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा होता ना, लॉकडाऊन लागला तेव्हा तोच लागू होता. पाच किंवा जास्त मजूर परराज्यातून आणले तर ठेकेदारानं प्रत्येकाला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं अन् औषधपाण्याची सोय फुकट करायची. इतकी वर्षं झेरॉक्स मारून राहिलो, असं पासबुक एकदाही माझ्या मशीनखाली आलं नाही. बांधकाम कामगारांच्या सरकारी कल्याण मंडळाची नोंदणी म्हणाल, तर वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला पाहिजे. ठिय्यावरच्या माणसाचा मालक रोज बदलते, दाखला कोण देईल? 2020 मध्ये मंडळानं 2000 रुपये दिले तेही नोंदणीवाल्यांनाच. बिल्डरकडून उपकर मात्र बांधकाम खर्चाच्या एक टक्का, मजुराच्याच नावानं.

फुकट उपचाराची महात्मा फुले योजना मे 2020 मध्ये सगळ्यांसाठी खुली केली म्हणे. सगळ्यांसाठी म्हणजे इथलं रेशन कार्ड किंवा रहिवासाचा दाखला असणाऱ्यांसाठी. मेट्रोचे खांब उभारणारा त्यात कुठे बसला?

अन् "बाहेरचे आहेत" म्हणून नाक मुरडणाऱ्यांना सांगतो, 1956 पर्यंत रायपूर, बालाघाट अन् नागपूर एकाच राज्यात होते, राजधानी हेच नागपूर. त्यांचे आजे-पणजे इथे आले तेव्हा ते आपल्याच राज्यातून आले होते.

सप्टेंबर 2020 मध्ये सरकारनं संसदेत सांगितलं, लॉकडाऊनमध्ये घरी परतताना किती मजूर मेले याची आकडेवारी नाही. वर्धा रोडनं हैदराबादकडून पायी येणाऱ्या रांगा आम्ही डोळ्यांनी पाहिल्या. जिवंत असताना कागद पाहिजे, मेल्यावर मात्र कागद नाही!

करोना गेला. काउंटर तिथेच आहे. आता डेंग्यूत तोच प्रश्न, "आधार आणा." तर माझं साधं म्हणणं आहे: साइटच्या पत्र्यावर रेराचा, म्हणजे प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा नंबर लावता ना, त्याच्या बाजूला ठेकेदाराचं नाव अन् मोबाइल लिहा. पेशंटला आधी भरती करा, मग कागदासाठी ठेकेदाराला फोन लावा. त्यानं नाही उचलला तर बिल्डरला लावा. त्याचा नंबर तर फ्लॅटच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेला असते.