राणीच्या गालावर पंखा

तान्ह्या बाळाचा फोटो काढणं अवघड असतं, हे एक वेळ कळतं. बाळ हलतं, रडतं, ऐन वेळी तोंड फिरवतं. नाणं यातलं काहीएक करत नाही. ठेवाल तिथे निमूट पडून राहतं. तरीही माझ्या मोबाइलमध्ये भाच्याच्या बारशाचे फोटो झकास आहेत आणि वडिलांनी जमवलेल्या नाण्यांचे बघवत नाहीत.

नाणी श्रीखंडाच्या डब्यात आहेत. ती दाखवायची होती वडिलांच्या एका जाणकार स्नेह्यांना. काका म्हणाले, "एवढ्या लांब कशाला येतोस? फोटो पाठव. पण सालाखालची खूण स्पष्ट दिसली पाहिजे हं." ही खूण टांकसाळीची. मुंबईचा पत्त्यांतला चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका आणि कोलकात्याचं काहीच नाही. त्यामुळे फोटोत खूण दिसली नाही, तर नाणं कोलकात्याचं की माझा हात थरथरला, हे सांगायला ब्रह्मदेवच यायला हवा.

सुरुवात केली १८६२च्या व्हिक्टोरिया राणीच्या रुपयापासून. बारा भागांत अकरा भाग चांदी! तिला समोर जे असेल ते दाखवायची भारी हौस. ट्यूबलाइट, छत, मोबाइल, मोबाइलमागचा मी, सगळे हजर. राणी तेवढी गैरहजर. एका फोटोत तर तिच्या गालावर आमचा पंखा आला. बायकोने तो फोटो मोठा करून निरखून पाहिला, राणीबद्दल चकार शब्द काढला नाही आणि म्हणाली, "पात्यांवर धूळ बघ किती साचलीय!"

मोबाइल जवळ नेला की त्याचीच सावली पडते, शिवाय तो आगाऊपणा करून परस्पर दुसऱ्या लेन्सवर उडी मारतो आणि गोल रुपया अंड्याच्या आकाराचा करून दाखवतो. म्हणून मोबाइल उंच ठेवायचा, थोडं झूम करायचं आणि टायमर लावून हात मागे घ्यायचा. उंचीसाठी दिवाळी अंकांच्या दोन थप्प्या लावल्या. एवढा उपयोग त्यांचा वाचूनही झाला नव्हता.

खाली काळी मखमल अंथरली, तर मोबाइलला वाटलं खोलीत अंधार आहे. त्याने उजेड वाढवला आणि राणी पांढरीफटक पडली. शेवटी चिरंजीवांची शाळेची राखाडी पँट कामी आली. खिडकीचा उजेड आणि पिवळा दिवा दोन्ही एकदम ठेवले, तर नाणं अर्धं निळसर, अर्धं सोन्याचं दिसतं. तेव्हा खिडकी बंद. मग कुणीतरी काचेची युक्ती सांगितली. नाण्यावर पंचेचाळीस अंशांत तिरकी काच धरायची, दिवा बाजूने काचेवर मारायचा. उजेड काचेवरून सरळ नाण्यावर उतरतो आणि मोबाइल वरून काचेतूनच फोटो घेतो. युक्ती अस्सल आहे. राणीच्या केसाची बट न बट दिसली. फक्त घरात सुटी काच सासरेबुवांच्या सत्काराच्या फोटोचीच होती, त्यावरून संध्याकाळी थोडं बोलणं झालं.

शिवराईची तऱ्हा उलटी. तांबं काळवंडलेलं, चकाकीचा प्रश्नच नाही. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. पण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे एखादं अक्षर नाण्याबाहेरच राहून जातं. वरून उजेड टाकला तर नुसता काळा गोळा दिसतो. दिवा अगदी खाली, जवळजवळ टेबलाला टेकवून कडेने धरला, तशी झिजलेली अक्षरं सावलीनिशी उठून आली. 'राजा'चा काना दिसला तेव्हा मी एकटाच ओरडलो. आई आतून आली ती चिंच घेऊनच. "अरे, दिसत नाही तर घासून देते की! देवाची भांडी बघ कशी लख्ख आहेत." जुन्या नाण्यावरचा तो काळपट थर गेला की त्याची किंमतही जाते, हे मी तिला समजावलं. तिने "म्हणजे मळाला पैसे?" एवढंच विचारलं. याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

एवढं सगळं करून फोटो पाठवले. काकांचं उत्तर लगेच आलं, "सुरेख! आता त्या १९४४च्या रुपयाच्या कडेचा पाठव." मागणी रास्त होती. १९४०पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि नकली नाणी ओळखू यावीत म्हणून दातेरी कडेच्या मधोमध खाचेत नक्षी आली. ती बघितल्याशिवाय काका खरं-खोटं सांगणार नाहीत. रुपया कडेवर उभा राहीना. दोन खोडरबरांच्या मध्ये रोवून, श्वास रोखून एक फोटो घेतला आणि पाठवला.

"छान आलाय," काकांनी लिहिलं, "आता नाणं थोडं थोडं फिरवून सगळी कड पाठव."

मी डब्याला झाकण लावलं. पहाटे सव्वापाचला त्यांच्या गावाला थेट एसटी आहे.