अमेरिकेत रद्द झाले ते आरक्षण नव्हते

‘अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आरक्षण मोडीत काढले, आता तिथे केवळ गुणवत्तेवर प्रवेश मिळतो, भारतानेही तेच करावे,’ अशा आशयाचा मजकूर मराठी व्हॉट्सॲप गटांवर सतत फिरत असतो. त्यातले एकही विधान तपासणीला टिकत नाही.

२९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या खटल्यांत जे अवैध ठरले, ते आरक्षण नव्हतेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने शंभरपैकी सोळा जागा राखून ठेवल्या होत्या. ती पद्धत न्यायालयाने १९७८ सालीच नाकारली आणि वंश हा अनेक निकषांपैकी एक म्हणून पाहण्याची मुभा तेवढी ठेवली. २०२३ मध्ये गेली ती ही मुभा.

‘केवळ गुणवत्ता’ हे तर सरळ असत्य आहे. हार्वर्डच्या खटल्यात उघड झालेल्या माहितीवरून अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिले की, तिथे प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची किंवा प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले, अथवा देणगीदारांच्या नातलगांनाही स्थान देणाऱ्या खास यादीतले होते. कृष्णवर्णीय, आशियाई आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी किंवा स्पॅनिश मुळांच्या) विद्यार्थ्यांत हेच प्रमाण १६ टक्क्यांहून कमी होते. या सवलतींना निकालाने हात लावला नाही. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने पदवी वर्गात पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी १९५५ साली घेतले, तेही न्यायालयाने भाग पाडल्यावर. ज्यांच्या आजोबांना दारातच अडवले गेले, त्या नातवंडांनी माजी विद्यार्थ्याचा वारसा आणायचा कुठून?

हार्वर्डमध्ये आशियाई अर्जदारांना व्यक्तिमत्त्वाचे गुण सरासरीने कमी मिळत, ही तक्रार मात्र गंभीर आहे आणि अमेरिकेतल्या मराठी पालकांची अस्वस्थता मला समजते. पण ते गुण देणारे विद्यापीठाचे अधिकारी होते. त्याची किंमत कृष्णवर्णीय मुलांनी का मोजावी? निकालानंतरच्या पहिल्या प्रवेशफेरीत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर घसरले.

राहिला भारताचा प्रश्न. मद्रासमधील जातवार जागावाटप आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली रद्द केले, तेव्हा त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५(४) आला आणि मागास वर्गांसाठी विशेष तरतुदीचा अधिकार राज्यघटनेतच लिहिला गेला. अमेरिकेच्या राज्यघटनेत असे कलम नाही, त्यामुळे तिथल्या निकालाचा तर्क इथे लागू करता येत नाही.