आमदाराकडे नाली मागायची वेळ का आली?

हे नोव्हेंबर 2024 मध्ये लिहितेय; 20 तारखेला विधानसभेचं मतदान आहे. ओळखीचा प्रत्येक जण विचारतोय, ताई, यंदा कुणाकडून? मी कुणाला मत देणार ते इथे लिहिणार नाही. पण ज्या प्रश्नावर माझं मत ठरणार आहे तो लिहिते, कारण दोन्हीकडच्या सभा ऐकल्या, भाषणं मोबाइलवर पाहिली, आणि तो प्रश्न मला कुठेच ऐकू आला नाही.

आमच्या लातूर जिल्ह्यात गेली अडीच वर्षं जिल्हा परिषद नाही. इमारत आहे, सीईओ आहेत, कर्मचारी आहेत, बैठकाही होतात. लोकांनी निवडून दिलेला एकही सदस्य तिथे नाही. मार्च 2022 मध्ये मुदत संपली, प्रशासक आले आणि अजून तेच आहेत. पंचायत समितीचंही तसंच, तिथे बीडीओ, म्हणजे गटविकास अधिकारी, सांगतील ती पूर्वदिशा. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची हीच गत आहे. शहरांचं याहून वाईट. मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 ला संपली. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, कोल्हापूर यांची तर 2020 मध्येच. आज, नोव्हेंबर 2024 मध्ये, राज्यातल्या 29 महापालिकांपैकी एकीतही नगरसेवक नाहीत. मुंबईचं 2024-25 चं बजेट जवळपास 60 हजार कोटींचं, आणि त्यावर हात वर करायला सभागृहात निवडून आलेलं कुणीही नव्हतं.

याचा तुमच्या-माझ्याशी काय संबंध, असं वाटत असेल तर प्रचाराच्या फेरीत एकदा मागे उभं राहून ऐका. परवा आमच्या गल्लीत उमेदवार आले. औक्षण झालं, हार झाले, आणि आमच्या चुलत सासूबाई पुढे होऊन म्हणाल्या, "भाऊ, घरापुढची नाली तेवढी करून द्या, सांडपाणी दारात येतंय." मग शेतरस्ता निघाला, शाळेची गळकी खोली निघाली, जनावरांच्या दवाखान्याला डॉक्टर नाही ते निघालं, समाजमंदिरापुढचे पेव्हर ब्लॉक निघाले. उमेदवार सगळ्याला हो म्हणत होते आणि त्यांचा माणूस डायरीत लिहून घेत होता. पंधरा-वीस मिनिटांत एकानेही सोयाबीनच्या भावाचा विषय काढला नाही. माझी स्वतःचीही आवाज चढवून मध्ये बोलायची हिंमत झाली नाही, गर्दी होती.

सासूबाईंचं काहीच चुकलं नाही. त्यांनी नाली मागायची कुणाकडे? सरपंच म्हणतो, ग्रामपंचायतीच्या निधीत बसत नाही. पूर्वी अशा वेळी गटातल्या झेडपी सदस्याला गाठायचे. तो शेजारच्याच गावचा, आठवडी बाजारात दिसायचा, लग्नात दिसायचा. ते सगळे सज्जन होते असं मी म्हणत नाही. टक्केवारी तेव्हाही होती, सदस्यांच्या भावकीतलेच ठेकेदारही होते. पण त्याची कॉलर धरता येत होती. सर्वसाधारण सभेत विरोधी सदस्य उठून अधिकाऱ्याला विचारू शकत होता की अमुक शाळेची दुरुस्ती कागदावर झाली आणि छत अजून गळतंय, हे कसं? आज ते विचारायला उभं कोण राहणार? अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातात. त्यांची बांधिलकी त्यांना नेमणाऱ्याशी असते, त्यात वावगं काही नाही, पण आपल्याशी ती नसते.

1962 मध्ये वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा विचार हाच होता की जिल्ह्याचे निर्णय जिल्ह्यात व्हावेत. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रं, अंगणवाड्या, गावरस्ते, पाणीपुरवठा, पशुवैद्यकीय दवाखाने, हे सगळं त्यांच्याकडे दिलं. पुढे 73 वी आणि 74 वी घटनादुरुस्ती झाली आणि घटनेतच लिहिलं गेलं की या संस्थांची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे. पाच वर्षं झाली की आमदारकीची निवडणूक कशी ठरल्या वेळी होते! विधानसभेला अडीच वर्षं प्रशासक नेमला असता तर राज्यात काय गदारोळ झाला असता. झेडपीच्या वेळी आपण सगळे गप्प बसलो.

निर्णय वर गेले की खाली काय होतं, ते मी या वर्षी शाळेत पाहिलं. आमच्या गावच्या शाळेत पूर्वी शाळा व्यवस्थापन समिती गणवेश घ्यायची. पालक आणि मुख्याध्यापक मिळून तालुक्याच्या दुकानात जायचे, मापं द्यायची, जूनमध्ये नाही तर जुलैत मुलांच्या अंगावर कपडे असायचे. यंदा, 2024 मध्ये, 'एक राज्य एक गणवेश' आला. कापड वरून, एकाच ठिकाणाहून, शिवण बचत गटांकडे. 15 ऑगस्टचं झेंडावंदन मुलांनी मागच्या वर्षीच्या आखूड पॅन्टीत केलं. नंतर जे गणवेश आले त्यातला दुसरीतल्या माझ्या पुतण्याचा शर्ट गुडघ्यापर्यंत येत होता, आणि चौथीतल्या मुलीला तिचा खांद्यातून चढेना. शिवणाऱ्या बायकांना दोष देऊ नका, त्यांना कापलेलं कापडच तसं मिळालं होतं. शिक्षकांनी पुन्हा मापं लिहून पाठवली. आता दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा सुरू झाल्या तरी सगळ्यांच्या अंगावर नीट गणवेश नाहीत. झेडपीची शिक्षण समिती असती तर सदस्यांनी ते शर्ट सभेत नेऊन टेबलावर ठेवले असते. आता शिक्षकाने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायचा, आणि त्यालाच विचारणा व्हायची की फोटो बाहेर कसा गेला.

आता सोयाबीन. हा मात्र खराखुरा आमदाराचा विषय आहे, खासदाराचाही.

2024 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये. सप्टेंबरच्या सुरुवातीला अतिवृष्टी, मग परतीचा पाऊस, त्यात मळणी झाली. ह्यांनी माल खरेदी केंद्रावर नेला. तिथे मूठभर दाणे यंत्रात टाकतात, ओलावा बघतात. मर्यादा 12 टक्क्यांची, आमचा आकडा आला 14. माल परत. टेम्पोचं भाडं दोन्ही वेळचं आमच्याच अंगावर. ज्यांचा माल बसत होता त्यांना सांगितलं जात होतं, बारदाना आला नाही, चार दिवसांनी या. चार दिवस थांबायला खत-औषधाच्या दुकानदाराची उधारी थांबत नाही, रब्बीची पेरणीही थांबत नाही. शेवटी आडतीवर 4,100 नी घातला. क्विंटलमागे आठशेच्या आसपास गेले. तीस क्विंटल माल असलेल्या घराचे यात 23-24 हजार रुपये जातात.

आता मतदान तोंडावर आल्यावर केंद्राने 15 टक्के ओलाव्यापर्यंत खरेदीची सवलत दिली. चांगलं केलं. पण गरजू शेतकऱ्याचा माल तोवर विकून झाला होता. हीच सवलत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात का मिळाली नाही? पाऊस तर सगळ्यांना दिसत होता. आता एकीकडून सहा हजारांचा भाव कबूल होतोय, दुसरीकडून सात हजारांचा. मला कुणाचाच आकडा नको आहे. 2021 मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं, आणि त्याच ऑगस्टमध्ये 12 लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी मिळाली हे आम्ही विसरलेलो नाही. या सप्टेंबरमध्ये खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, तेही भाव पडून बरेच महिने झाल्यावर. केंद्रं कधी उघडणार, बारदाना कुठून येणार, ओलाव्याचा निकष पावसाप्रमाणे कधी बदलणार, पैसे किती दिवसांत खात्यावर पडणार, यावर विधानसभेत भांडणारा माणूस मला हवा आहे. आणि तो भांडेल कसा? त्याचा सगळा वेळ आम्हीच नाल्या आणि पेव्हर ब्लॉकमध्ये खाऊन टाकतोय.

लाडकी बहीण योजनेवर मी बोलू नये असं घरातल्यांचं म्हणणं होतं, वाद होतो म्हणून. तरी बोलते. दीड हजार रुपयांना भीक म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. आमच्या वाड्यात अशा बायका आहेत ज्यांच्या स्वतःच्या खात्यावर पहिल्यांदा पैसे आले, आधार लिंक करण्यासाठी त्या पहिल्यांदा एकट्या बँकेत गेल्या. ऑगस्टमध्ये राखीच्या आधी दोन महिन्यांचे तीन हजार आले, त्यातून एकीने डोळ्यांचा चष्मा केला. तो चष्मा वर्षभर करायचा राहिला होता. अंगणवाडीच्या ताईंनी रात्री उशिरापर्यंत बसून फॉर्म भरले. हे सगळं खरं आहे आणि ते कुणी कमी लेखू नये. राज्याने वर्षाला 46 हजार कोटींचा खर्च सांगितला, तो कुठून येणार हे विचारणंही रास्त आहे. एकाने 2,100 म्हटलं, दुसऱ्याने 3,000, याला बोली म्हणतात आणि मला त्या बोलीत उभं राहायचं नाही.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये बायकांना 50 टक्के जागा आहेत. जिल्हा परिषदेत निम्म्या बायका, पंचायत समितीत निम्म्या, नगरपालिका-महापालिकांत निम्म्या. मावळत्या विधानसभेत 288 पैकी 2019 ला निवडून आलेल्या बायका किती? 24. लोकसभा-विधानसभेच्या महिला आरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, तो जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर लागू होणार. म्हणजे आज बाईला सत्तेत जायचा जो एकमेव रुंद दरवाजा आहे तो झेडपी आणि पालिकांचा, आणि तोच अडीच वर्षं बंद आहे. हजारो बायकांच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. सुरुवातीला नवरेच कारभार बघायचे हे मलाही माहीत आहे. पण दुसऱ्या टर्मला त्याच बाईने सीईओंपुढे माईक धरून पाण्याच्या टँकरचा हिशेब मागितलेला मी पाहिलाय. बहिणीच्या खात्यावर पैसे घाला, जरूर घाला. तिची खुर्चीही तिला परत द्या.

ओबीसी बांधवांचंही हेच. ज्या आरक्षणाच्या नावाने हे सगळं अडलं, त्याचा फायदा आज कुणालाच मिळत नाही. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आयोग नेमा, आकडेवारी गोळा करा, 50 टक्क्यांची मर्यादा पाळा. बांठिया आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल न्यायालयाने जुलै 2022 मध्ये मान्यही केला. मग पुढे काय अडलं? महाविकास आघाडीच्या काळात मुंबईचे प्रभाग 227 वरून 236 केले, नव्या सरकारने येताच पुन्हा 227 केले, त्यावर याचिका, ऑगस्ट 2022 मध्ये 'जैसे थे'चा आदेश, आणि तेव्हापासून तारखा. दोन्हीकडचे लोक या काळात सत्तेत बसले. अडीच वर्षांत एकाही सरकारने न्यायालयात उभं राहून तातडीने सुनावणी घ्या म्हणून जोर लावल्याचं मला दिसलं नाही. सगळी सत्ता मंत्रालयात आणि पालकमंत्र्यांच्या हातात राहिली तर सरकारला सोयीचंच आहे, मग ते सरकार कुणाचंही असो. त्यात 15 व्या वित्त आयोगाचा निधी निवडून आलेल्या संस्थांनाच मिळतो अशी अट आहे, म्हणजे निवडणूक नाही तर तोही पैसा अडतो.

आणि जून 2022 ची शिवसेनेतली फूट, जुलै 2023 ची राष्ट्रवादीतली फूट, त्यावर सगळं बोलून झालंय. मी एवढंच म्हणेन की पक्ष सोडून गेलेल्या कितीतरी आमदारांनी कारण दिलं ते मतदारसंघाच्या निधीचं. निधी अडला होता, विकास अडला होता, म्हणून गेलो. ते खोटं धरून सोडून देऊ नका. गावच्या रस्त्याचा पैसा जिल्ह्याच्या हातात न राहता वरून मर्जीने यायला लागला की आमदाराला मर्जीच्या मागे जावंच लागतं. त्याचा स्वतःचा स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटी, त्यात एक अख्खा तालुका बसत नाही.

आमच्याकडे मराठा-ओबीसी ताण किती वाढलाय ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. एका बांधावरची माणसं बोलेनाशी झालीत. पूर्वी पंचायत समितीत सगळ्या समाजांची माणसं एका टेबलाला बसायची, भांडायची आणि चहा पिऊन निघायची. ते टेबलही आता राहिलेलं नाही. 'बटेंगे तो कटेंगे'ची प्रचारातली घोषणा ऐकून आमच्या गावातली कुठली तेढ मिटणार आहे, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

म्हणून मी दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला दोन गोष्टी विचारतेय. निवडून आलात तर हिवाळी अधिवेशनात जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचा प्रश्न लावून धराल का, आणि पुढच्या हंगामात खरेदी केंद्र मळणीच्या आधी उघडावं यासाठी कुणाकडे आणि कधी जाणार? आतापर्यंत मिळालेलं उत्तर एकच, "ते कोर्टात आहे ताई." कोर्टात आहे हे मलाही माहीत आहे. कोर्टात सरकारतर्फे वकील उभा राहतो, त्याला काय सांगायचं ते मंत्रिमंडळ ठरवतं, आणि मंत्रिमंडळ तुमच्याच मतांवर उभं असतं, एवढं मी त्यांना सांगितलं. 18 तारखेला प्रचार संपतोय. तुमच्या दारात अजून कुणी येणार असेल तर हे विचारा, आणि उत्तर देताना त्यांच्या माणसाला डायरीत तेही लिहून घ्यायला लावा.