रथ म्हणे त्या काळचा रणगाडा!

एक फॉरवर्ड गेले काही दिवस सारखा येऊन पडतोय. बायबलच्या अभ्यासवर्गाच्या ग्रुपवर आला, इतिहासाच्या ग्रुपवर आला, परवा तर सोसायटीच्या ग्रुपवरही. मजकुराचं सार असं: रथ म्हणजे प्राचीन जगातला रणगाडा. कनानी लोकांचे, म्हणजे इस्राएलींआधी त्या प्रदेशात राहणाऱ्यांचे, रथ अख्खे लोखंडाचे होते आणि ते शहरांचे तट फोडून आत घुसत. इस्राएली बिचारे डोंगरातले मेंढपाळ, त्यांच्याकडे रथ कधीच नव्हते, म्हणून ते आयुष्यभर तटामागे दडून लढले. शेवटी पुरावा म्हणून तांबड्या समुद्राच्या तळाशी सापडलेल्या 'फारोच्या रथाच्या चाकाचा' फोटो. (फारो म्हणजे इजिप्तचा राजा; इस्राएलींचा पाठलाग करताना त्याचं सैन्य समुद्रात बुडालं, अशी बायबलमधली कथा आहे.)

आधी फोटोचं बघू, कारण त्यात वेळ घालवण्यासारखं काही नाही. ही गोष्ट रॉन वायट नावाच्या अमेरिकन गृहस्थांपासून सुरू होते. पेशाने ते रुग्णालयात भूल देणारे नर्स. १९७८ पासून तांबड्या समुद्राच्या अकाबा आखातात बुड्या मारून त्यांनी असे दावे केले. पण अभ्यासकांना तपासता येईल असं एकही चाक कधी पुढे आलं नाही. चाकाच्या आकाराचं प्रवाळ म्हणजे रथ नव्हे.

आता रणगाडा. आपल्या डोळ्यांपुढे रथ म्हटलं की कॅलेंडरवरचा येतो: चार पांढरे घोडे, छत्र, ध्वज, आत ऐसपैस जागा. प्रत्यक्षात तुतानखामेनच्या थडग्यात जे सहा रथ सुटे करून ठेवलेले सापडले, ते बघा. वाकवलेल्या लाकडाची चौकट, मागची बाजू उघडी, बारीक आऱ्यांची चाकं. या बनावटीच्या रथाची हुबेहूब प्रतिकृती केली तेव्हा वजन भरलं जेमतेम पस्तीस किलो. दोन माणसं सहज उचलून नेतील. अशा रथात चिलखत असलंच तर ते माणसाच्या आणि घोड्याच्या अंगावर, गाडीला नाही. एका घोड्याला बाण लागला की सगळा खेळ आटोपला. रथाचं काम होतं वेगाने जवळ जाऊन बाण सोडणं, शत्रूची बगल गाठणं आणि पळणाऱ्यांचा पाठलाग करणं. पुढे आजच्या उत्तर इराकमधल्या अश्शूर साम्राज्याचे रथ जड झाले, त्यांत तीन-चार माणसं उभी राहू लागली. तरी लाकूड ते लाकूडच.

'लोखंडी रथ' हे शब्द मात्र फॉरवर्डवाल्याने मनचे घातलेले नाहीत. बायबलच्या शास्ते या ग्रंथात (१:१९) ते आहेत, आणि कनानी सेनापती सीसराच्या ९०० लोखंडी रथांचा उल्लेख चौथ्या अध्यायात आहे. पण अख्खा लोखंडाचा रथ दोन घोड्यांना ओढवेल का, एवढा तरी विचार करावा. काही भाग लोखंडाचे, असाच अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. चाकावर लोखंडी धाव चढवली म्हणून आपण बैलगाडीला लोखंडाची म्हणत नाही. आणि त्या ९०० रथांचं झालं काय? त्याच ग्रंथातल्या दबोरेच्या विजयगीतात कीशोन नदीने शत्रूला वाहून नेलं. त्याआधीच्या अध्यायात खुद्द सेनापती सीसरा रथातून उतरून पायी पळतो. चिखलात रथाइतकं निरुपयोगी काही नाही.

तट फोडण्याचा मुद्दा तर मुळातच उलटा आहे. इ.स.पू. पंधराव्या शतकात इजिप्तचा राजा तिसरा थुटमोस कनानमधल्या मगिद्दो शहरावर चालून गेला. मैदानातली लढाई त्याने सहज जिंकली, लुटीत ९२४ रथ मिळाले. पण शत्रू पळून शहरापाशी पोहोचला तेव्हा वेशी आधीच बंद झाल्या होत्या. आतल्या लोकांनी आपल्या माणसांना कपड्यांना धरून तटावर ओढून घेतलं. हे थुटमोसच्याच वृत्तांतात लिहिलंय, आणि आपलं सैन्य लुटीत रमलं नसतं तर शहर तेव्हाच पडलं असतं, ही चरफडही. मग? एवढे रथ हाताशी असून त्याला शहराभोवती खंदक खणून लाकडी कुंपण घालावं लागलं आणि सात महिने बसून राहावं लागलं.

तट कसा फुटतो ते लाखीशला दिसतं. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीबने यहूदाची, म्हणजे इस्राएलींच्या दक्षिणेकडच्या राज्याची, ४६ तटबंदी शहरं घेतल्याचं लिहून ठेवलंय. त्यातल्या लाखीशचा वेढा त्याने निनवेच्या राजवाड्यात दगडावर कोरून घेतला. ती शिल्पं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. दगडमातीचा उतार रचून त्यावरून धडका देणारी यंत्रं वर चढवली आहेत. वरून जळते पलिते पडताहेत. आणि एका यंत्राच्या तोंडाशी एक सैनिक लांब दांड्याच्या पळीने पाणी ओततोय, यंत्र पेटू नये म्हणून! तो उतार आजही टेकडीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात दिसतो. तट पाडला तो या यंत्रांनी, घोड्यांनी नव्हे.

राहिला 'इस्राएलींकडे रथ कधीच नव्हते' हा मुद्दा. सुरुवातीच्या काळापुरता तो खरा आहे. बायबलमध्ये इस्राएलींचा पुढारी यहोशवा जिंकलेल्या घोड्यांच्या शिरा तोडतो आणि रथ जाळून टाकतो. पुढे राजा दाविदानेही बहुतेक घोड्यांचं तेच केलं, पण शंभर रथांपुरते राखून ठेवले. डोंगरात राहणाऱ्याला रथाचं काय कौतुक? सह्याद्रीतल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. यहूदाच्या बाबतीत तर फॉरवर्डला थोडा न्याय द्यायला हवा. लाखीशच्याच मोहिमेत अश्शूरी अधिकारी यरुशलेमच्या तटाखाली उभा राहून टोमणा मारतो: मी दोन हजार घोडे देतो, तुझ्याकडे त्यांवर बसायला माणसं आहेत का?

पण उत्तरेच्या इस्राएल राज्याची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे इज्रेलचं मैदान होतं. इ.स.पू. ८५३ मध्ये सीरियातल्या कार्कारला अश्शूरविरुद्ध जी युती उभी राहिली, तिची यादी अश्शूरचा राजा तिसरा शाल्मनेसेर याच्या शिलालेखात आहे. दमास्कसच्या राजाचे रथ १,२००, हमाथचे ७००, आणि 'इस्राएलचा अहाब' याचे २,०००. लेखनिकाची चूक होऊन २०० चे २,००० झाले असावेत, असं काही अभ्यासकांना वाटतं. मला आकडा फुगवलेला वाटतो. पण २०० धरले तरी ते शून्य नव्हेत, आणि साक्ष देणारा शत्रू आहे.

शिवाय रथ की तट, हा प्रश्नच चुकीचा. घोड्याला रोज जव लागतो, पाणी लागतं, मोतद्दार लागतो. चाक मोडलं की सुतार लागतो. हे सगळं उघड्या माळावर ठेवता येत नाही. बायबलच्या पहिल्या राजे ग्रंथात राजा शलमोनाने बांधलेल्या शहरांच्या यादीत रथांसाठीची शहरं आहेत ती यामुळेच. मगिद्दोच्या ज्या लांब इमारतींना 'शलमोनाचे तबेले' म्हणतात, त्या बहुतेकांच्या मते शलमोनानंतरच्या, आणि काहींच्या मते कोठारं. तो वाद चालू दे. तट नसेल तर रथाचं दल रात्री ठेवणार कुठे, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

उत्तरेच्या राज्याची राजधानी शोमरोन पडल्यावर अश्शूरच्या दुसऱ्या सार्गोनने तिथले रथी आपल्या सैन्यात घेतले. त्याच्या एका लेखात ५० रथ म्हटलंय, दुसऱ्यात २००. अश्शूरच्या निमरुद शहरात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर घोडदळ आणि रथदळाच्या अधिकाऱ्यांची नोंद आहे. त्यात शोमरोनची वेगळी तुकडी आहे, १३ अधिकाऱ्यांची, आणि त्यांतल्या काहींच्या नावात अजून त्यांच्या जुन्या देवाचं, यहोवाचं, 'याउ' टिकून आहे.