पहिल्याच फटक्यात पास व्हायचं नसेल तर

कोल्हापुरात यूपीएससीची तयारी सुरू करायची तर सगळ्यात आधी फोटो काढून घ्यावा. ब्लेझर, हाताची घडी, नजर किंचित वर. निकालाच्या दिवशी गल्लीतल्या तरुण मंडळाची डिजिटल फलकासाठी धावपळ होऊ नये, एवढी काळजी आपणच घ्यायला हवी. अभ्यासक्रम नंतर बघता येतो. तो आयोगाच्या जाहिरातीत छापलेला असतो आणि तिथून कुठे पळून जात नाही.

फोटो झाला की फॉर्म. जनरलमध्ये असाल तर बत्तिशीपर्यंत सहा अटेम्प्ट, ओबीसीला पस्तिशीपर्यंत नऊ, एससी-एसटीला सदतिशीपर्यंत कितीही. नियम असा, की नुसता फॉर्म भरून घरी बसलात तर अटेम्प्ट मोजत नाहीत. पण प्रीच्या, म्हणजे पूर्वपरीक्षेच्या, दोनपैकी एका पेपरला जरी बसलात, तरी एक गेला. म्हणून पहिला अटेम्प्ट ‘जरा अंदाज घ्यायला’ देऊन टाकावा. जुने पेपर आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि घड्याळ लावून घरी सोडवता येतात, हे खरं. पण त्यात वातावरण येत नाही, आणि अभ्यासिकेत सांगायला ‘आपला एक झालाय’ हेही राहत नाही.

पुस्तकं भरपूर घ्यावीत. एका विषयाला तीन लेखक हवेतच. एकच पुस्तक तीनदा वाचणारा माणूस कंजूष दिसतो. सहावी ते बारावीची एनसीईआरटी आणावी आणि पहिल्या धड्यातली प्रत्येक ओळ पिवळी करावी. दुसऱ्या धड्यापर्यंत हायलायटर संपतो, तिथे आपोआप थांबता येतं.

ऑप्शनलसाठी, म्हणजे वैकल्पिक विषयासाठी, ४८ विषय आहेत, त्यांतले २३ म्हणजे निरनिराळ्या भाषांची साहित्यं. मेन्सच्या, म्हणजे मुख्य परीक्षेच्या, १७५० पैकी ५०० मार्क यावर असतात, त्यामुळे निवड गांभीर्याने करावी. म्हणजे गेल्या वर्षी कुणाची पोस्ट निघाली आणि त्याचा विषय काय होता, एवढं विचारून घ्यावं. स्वतः पदवीला काय शिकलो, कशात मन रमतं, दोन्ही पेपरांचा सिलॅबस किती महिन्यांत उरकेल, असल्या तपशिलात शिरलात की विषय पक्का होऊन बसतो. मग दरवर्षी बदलायची सोय राहत नाही.

आता सीसॅट, म्हणजे प्रीचा दुपारचा, गणित आणि आकलनाचा पेपर. हा पेपर फक्त पास व्हायचा असतो, २०० पैकी ६६, म्हणून त्याच्याकडे अजिबात लक्ष देऊ नये. ‘दहावीचं गणित आहे, त्याचा काय लोड घ्यायचा भावा’ हे वाक्य पाठ असलं की पुरे. प्रश्न ८०, प्रत्येकी अडीच मार्क, चुकलेल्याला ०.८३ वजा. एकाने ३८ प्रश्न सोडवले, ३० बरोबर आले आणि ८ चुकले, तर त्याला ६८ च्या वर मिळतात आणि तो पास. तुम्ही मात्र मर्दासारखे ८० च्या ८० गोल काळे करा. बरोबर तुमचेही ३८ येतील, म्हणजे त्याच्यापेक्षा आठ जास्त! ९५ मार्क झाले. त्यातून ४२ चुकांचे ३५ गेले, उरले ६०. इथे नापास झालं की सकाळच्या पेपरात कितीही मिळोत, ते धरतच नाहीत.

हा निकाल हमखास हवा असेल तर दोन पेपरांमधली वेळ नीट वापरावी लागते. सकाळचा पेपर साडेनऊ ते साडेअकरा, दुपारचा अडीच ते साडेचार, आणि गेट अर्धा तास आधी बंद होतं. म्हणजे हातात अडीच तास. त्यातला पहिला तास गेटबाहेर उभं राहून सकाळच्या प्रश्नांची उत्तरं जुळवण्यात घालवावा. पाच चुका तिथेच कळाल्या पाहिजेत. मग पोटभर मटण थाळी. तांबडा दोनदा, पांढरा दोनदा, वर सोलकढी. अडीच वाजता पहिला उतारा समोर येतो. तो इंग्रजीत असतो, नाहीतर अशा हिंदीत की त्यापेक्षा इंग्रजी बरं. प्रीचा पेपर मराठीत निघत नाही. दुसऱ्या वाक्याला डोळे मिटतात. प्रश्न असतो, ‘लेखकाचं गृहीतक कोणतं?’ चारही पर्याय खरे वाटतात. तुम्हाला स्वतःला जे पटतं त्यावर गोल करावा. उताऱ्यात ते आहे का, हे पुन्हा वर जाऊन बघायची काही गरज नसते.

सकाळच्या जीएसमध्ये, म्हणजे सामान्य अध्ययनात, १०० प्रश्न, दोन-दोन मार्कांचे, चुकीला ०.६६ वजा. इथे हिशोब मोठा सोपा आहे. काहीच माहीत नसताना चारांतला एक ठोकला, तर सरासरी हाती शून्य येतं. एक पर्याय खात्रीने उडवता आला तर थोडा फायदा, दोन उडवले तर बराच. अडचण त्या ‘खात्रीने’ शब्दाची आहे, म्हणून तो गाळावा. ‘फक्त’ किंवा ‘सर्व’ असं दिसलं की ते विधान चूक, ही युक्ती कुणीतरी सांगितलेली असतेच. ती घेऊन हॉलमध्ये जावं. २०२३ ला ‘यांपैकी किती विधानं बरोबर आहेत’ अशा छापाचे प्रश्न ढिगाने आले आणि ही सगळी विद्या एका सकाळीत फुकट गेली. जनरलचा कटऑफ २०२२ ला ८८.२२ होता, तो ७५.४१ वर आला. कटऑफचे असे आकडे दोन दशांशांपर्यंत तोंडपाठ हवेत. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाताना तेच लागतात.

प्री चुकून निघालीच, तर तिचे मार्क पुढे धरत नाहीत आणि मेन्सला जेमतेम तीन महिने उरतात. मेन्स साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात येते, म्हणजे गणपतीच्या आगेमागे, आणि मंडळाचा खजिनदार तुम्हीच असता. लिहायचा सराव करू नये. वाचलेलं असलं की लिहिता येतंच, अशी श्रद्धा ठेवावी. जीएसच्या एका पेपरात (नीतिशास्त्राचा सोडून) तीन तासांत २० प्रश्न: दहा १० मार्कांचे, दहा १५ मार्कांचे. सरासरी नऊ मिनिटं. राष्ट्रपती राजवटीच्या कलम ३५६ वर १० मार्कांचा प्रश्न आला, की राज्यपालांच्या अहवालाची न्यायालयीन तपासणी आणि १९९४ चा बोम्मई निकाल याकडे घाईने जाऊ नये. संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला झाली, तिथून सुरुवात करावी. मग भारताचा नकाशा काढावा. चौकट आखावी, पट्टीने. वीस मिनिटांत एक देखणं उत्तर तयार होतं आणि शेवटचे पाच प्रश्न कोरे राहतात. कोऱ्या पानाला शून्य मार्क, मोडक्यातोडक्या उत्तराला दोन-तीन. पण मोडकंतोडकं आपल्याला शोभत नाही.

मराठीच्या सक्तीच्या पेपराबद्दल तर बोलायचंच काम नाही. आपण पंचगंगेच्या काठचे, आपल्याला कोण मराठी शिकवणार! ३०० पैकी ७५ मिळाले की सुटका, नाही मिळाले तर बाकीच्या पेपरांचे मार्क विचारात घेत नाहीत. इंग्रजीच्या पेपरालाही हाच न्याय. मराठीत १०० चा निबंध, ६० चं आकलन, ६० चा सारांश, ४० चं व्याकरण आणि दोन्ही बाजूंचं भाषांतर २०-२० चं. सारांश मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांश आणि आपल्या शब्दांत लिहायचा असतो. शीर्षक देऊ नये, अशी सूचनाही बहुधा तिथेच असते. म्हणून सूचना न वाचता आधी शीर्षक द्यावं, त्याखाली दोन रेघा ओढाव्यात आणि उताऱ्यातल्या दर तीन वाक्यांतली दोन गाळून उरलेलं जसंच्या तसं उतरवावं. चार वर्षं फोनवर ‘ok भावा’ टाइप केलेल्या बोटांना तीन तास देवनागरी लिहिताना जे होतं, ते त्या दिवशीच कळू द्यावं.

नीतिशास्त्राच्या पेपरात प्रत्येक केस स्टडीत कलेक्टर होऊन सगळ्यांना निलंबित करावं. वेळ वाचतो.

राहिली मुलाखत. दिल्लीत, शाहजहान रोडवरच्या धोलपूर हाउसमध्ये, २७५ मार्कांची. तिथले प्रश्न तुम्हीच तुमच्या डीएएफमध्ये, म्हणजे सविस्तर अर्जात, लिहून दिलेले असतात, आणि जिल्हा कोल्हापूर म्हटल्यावर बोर्डाचं निम्मं काम झालं. तुम्ही तयारी करावी ती पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची: इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. ते विचारतील, पाणी चढतं ते ठीक, पण लवकर उतरत का नाही? नृसिंहवाडीला कृष्णेला फुगवटा आला की पंचगंगा तुंबते, आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद त्यातूनच येतो, हे सांगायच्या आधी ‘सर, आमच्याकडे पूर लई मोठा येतो’ एवढंच तोंडून जावं. शाहू महाराजांच्या १९०२ च्या जाहीरनाम्यात निम्म्या जागा कुणासाठी राखल्या, यावर अभिमानाने बोलावं. मग आजच्या पन्नास टक्क्यांच्या मर्यादेशी तो निर्णय कसा ताडून बघाल, असं विचारलं की पाण्याचा ग्लास उचलावा. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसह, हे तर बोर्डाकडूनच ऐकावं आणि तिथल्या तिथे हरकत घ्यावी.

छंदाच्या रकान्यात ‘कुस्ती’ लिहावं. खासबागेत बसून बघितलेली कुस्ती छंदात धरतातच. समोरच्या सदस्याने लहानपणी आखाडा केलेला असेल, तर तो ढाक आणि कलाजंग या डावांतला फरक विचारेल. ते अवघड जाईल असं वाटत असेल तर ‘वाचन’ लिहावं, आणि शेवटचं कोणतं पुस्तक वाचलं असं विचारल्यावर गेल्या वर्षीच्या चालू घडामोडींचं वार्षिक सांगावं.