ढिकाल्याच्या खोलीत टीव्ही नाही, आणि नसूच दे

"एवढे पैसे मोजून तिथे आहे काय? टीव्ही नाही, रूम सर्व्हिस नाही, चिकन नाही, आणि अंधार पडला की खोलीच्या आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही!" उत्तराखंडातल्या कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानात ढिकाल्याला राहून आलेल्यांकडून ही कुरकुर इतक्यांदा ऐकली आहे, की म्हटलं उत्तर एकदाच सविस्तर लिहून टाकावं. लांबलचक होणार आहे. चहा घेऊन बसा.

ढिकाला हे हॉटेल नव्हे. ते वनखात्याचं विश्रामगृह आहे. ब्रिटिशांच्या काळातली जुनी इमारत, तिच्या आसपास नंतर बांधलेल्या खोल्या आणि केबिनी, एकावर एक बंक असलेली डॉर्मिटरी, एक कँटीन, आणि या सगळ्याभोवती सौरऊर्जेवरच्या तारांचं कुंपण. दिल्लीहून रात्रीच्या गाडीने रामनगर, तिथून अठराएक किलोमीटरवर धनगढी गेट, आणि गेटातून आत सालवृक्षांच्या जंगलातून आणखी तीसेक किलोमीटर. म्हणजे तुम्ही उद्यानाच्या काठावर नसता, पार पोटात असता. ज्या जिप्सीने, म्हणजे उघड्या जीपने, आत जाता, ती जिप्सी आणि तिचा चालक मुक्काम संपेपर्यंत तुमच्यासोबत आतच राहतात. मांसाहार आणि दारू दोन्हीला बंदी. 15 जूनला बंद झालेलं ढिकाला पर्यटकांसाठी पुन्हा उघडतं ते 15 नोव्हेंबरला.

जागेचा इतिहासही लहानसहान नाही. 1936 मध्ये हे उद्यान झालं तेव्हा त्याचं नाव हेली नॅशनल पार्क होतं, कॉर्बेटचं नाव लागलं ते पन्नासच्या दशकात. आणि 1 एप्रिल 1973 ला देशातल्या व्याघ्रप्रकल्पाची सुरुवात झाली ती याच ढिकाल्यात. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपलं मेळघाटही होतं. एवढं सगळं जिथे घडलं, तिथे जाऊन आपल्या लोकांचं घोडं अडतं कुठे, तर नाश्त्याला पराठ्याशिवाय आणखी काय आहे यावर!

आता तिथे खरंच आहे काय, ते सांगते.

आवारासमोर जे अफाट गवताळ मैदान पसरलंय, त्याला तिकडे चौर म्हणतात. चौराच्या पलीकडे रामगंगा, आणि कालागढच्या धरणाचं अडलेलं पाणी. ते धरण 1974 मधलं. पाटली दून नावाच्या या खोऱ्यातलं कितीतरी गवत त्या पाण्याखाली गेलं, आणि गवतावर जगणाऱ्या पाढा जातीच्या हरणांची चराईही गेली. पण उन्हाळ्यात पाणी उतरू लागलं की तळाचा गाळ उघडा पडतो, त्यावर कोवळं हिरवं गवत फुटतं, आणि एप्रिल-मेमध्ये हत्तींचे कळपच्या कळप तिथे उतरतात. ज्या धरणाने कुरण बुडवलं, तेच दर उन्हाळ्यात त्यातला एक तुकडा परत देतं. धरण चांगलं की वाईट, यावर कुणाशीही वाद घालायची माझी तयारी आहे, पण तो दुसऱ्या पोस्टमध्ये.

आम्ही गेलो होतो तो मे महिनाच होता. कळपातली एक हत्तीण आमच्या जिप्सीपासून बऱ्यापैकी जवळ चरत होती. हत्ती गवत कसं खातो हे मी तोवर नीट पाहिलंच नव्हतं. सोंडेने एक पुंजका गुंडाळायचा, पुढच्या पायाच्या नखांनी बुडाशी ठोकरायचं, मुळासकट तो उपटायचा, मग गुडघ्यावर सटासट आपटून माती झाडायची, आणि मगच तोंडात. माती राहिलीय असं वाटलं तर पुन्हा आपटायचा. तिच्या पोटाखाली उभं असलेलं पिल्लू तेच करायला बघत होतं, पण पुंजका काही त्याच्या सोंडेत टिकत नव्हता. शेवटी वैतागून त्याने आईच्याच तोंडातलं ओढलं. माझी नणंद म्हणाली, "अगं, ही तर मेथीची जुडी निवडतेय!" आम्ही तिथे किती वेळ थांबलो कोण जाणे. आमचा चालक मात्र चुळबुळत होता, कारण पुढे कुठेतरी वाघ रस्ता ओलांडणार अशी बातमी होती आणि चार जिप्सी धुरळा उडवत आमच्या शेजारून गेल्या होत्या. त्याची चूक नाही. 'वाघ दिसला नाही' म्हणून तोंड पाडून बसणारी, बक्षिशी आखडती घेणारी गिऱ्हाइकं आपणच तयार केली आहेत. "भैया, रुकिए, हाथी देखना है" असं म्हणणारे त्याला दुर्मीळच असणार.

आत राहण्यातला खरा फरक कळतो तो रात्री. अंधार पडायच्या आत सगळ्या जिप्स्या आवारात परतलेल्या असतात. त्यानंतर ना चालक गाडी काढू शकत, ना तुम्ही कुंपणाबाहेर पाऊल टाकू शकत. जेवण झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो होतो. रातवा पक्षी एकसारखा चक-चक-चक करत होता. मग चौराच्या उजव्या अंगाला चितळ ओरडलं, थोड्या वेळाने त्याच्या पुढे सांबराचा तो दणदणीत 'ढांक', आणि मग आणखी पुढे, नदीच्या बाजूला, पुन्हा सांबर. चालक बिडी विझवून म्हणाला, "टाइगर चल रहा है, मैडम, पानी की तरफ." दिवसा हे कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागल्यावरचं हरणांचं ओरडणं, ऐकले असते तर त्याने गाडी पळवली असती. आता पळवायला गाडीच नव्हती. वाघ आपल्या कामाला निघाला होता आणि आम्हाला त्यात काडीचीही लुडबूड करता येत नव्हती. भाच्याने विचारलं, "मग आपण काय करायचं?" म्हटलं, काही नाही. ऐकायचं. त्या पोराला बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच कुणी 'काही नाही कर' असं सांगितलं असेल.

तारांच्या आत आपण कोंडलेले आणि बाहेर जनावरं मोकळी, अशी व्यवस्था देशात फार थोड्या ठिकाणी उरली आहे. संध्याकाळी बाहेर पडू देत नाहीत ही ज्यांची तक्रार असते, त्यांना मला हेच सांगायचंय: त्यासाठीच तर पैसे मोजलेत!

महाराष्ट्रातही हे होतं. ताडोबाच्या तळ्याकाठच्या विश्रामगृहात राहिलेले लोक अजूनही त्या रात्रींबद्दल भरभरून बोलतात. नागझिऱ्याची लताकुंज, मधुकुंज ही विश्रामगृहं, आणि वीज नाही म्हणून कंदिलाच्या उजेडात केलेलं जेवण, मेळघाटात सिपना नदीच्या काठचं कोलकास. आता ताडोबा म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ती मोहर्ली नि कोलारा गेटाबाहेरची रिसॉर्टं. हिरवळ, तरणतलाव, संध्याकाळी 'लाइव्ह बार्बेक्यू', आणि पहाटे पाचला गेटावर जिप्स्यांची रांग.

सरकारी धोरणाचा कलही तिकडेच आहे. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं, म्हणजे सर्वांत आतल्या राखीव भागातलं, पर्यटन काही महिने थांबवलं होतं. ते पुन्हा सुरू झालं ते राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची नवी मार्गदर्शक तत्त्वं आल्यावर. त्यांत म्हटलंय, की गाभ्यातल्या पर्यटकांच्या कायमस्वरूपी सोयी टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात. ऐकायला अगदी रास्त. माणूस बाहेर, जंगल आत.

मला हे अर्धंच पटतं. कारण बाहेर म्हणजे कुठे? रामनगरहून धनगढीकडे जाताना ढिकुली गाव लागतं. एका बाजूला कॉर्बेटचं जंगल, दुसऱ्या बाजूला कोसी नदी, पलीकडे पुन्हा जंगल. हत्तींना पाण्यावर आणि पलीकडच्या वनात जायचं तर याच पट्ट्यातून. आणि नेमक्या याच पट्ट्यात नदीला लागून रिसॉर्टांच्या भिंतीच भिंती. लग्नसराईत तिथे डीजे लागतात. ढिकाल्याच्या आत मोजक्या खोल्या, एक कँटीन आणि दिवे लवकर मालवायचा नियम, बाहेर हत्तींच्या वाटेवर ओळीने तरणतलाव. यातलं जंगलाला जास्त त्रासदायक काय? नकाशावर गाभ्याची रेषा ओढली म्हणून हत्ती काही रेषेपाशी थांबत नाही.

तरी उरलेलं अर्धं मला टोचतंच, आणि तेही लिहायला हवं. 1994 मध्ये याच उद्यानाच्या दक्षिण कडेची झिरना, धारा आणि कोठीरौ ही गावं उठवली गेली. ताडोबात नवेगाव, बोटेझरी, जामणी उठली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्यांना सांगायचं की तुमची चूल जंगलाला बाधते, आणि आपण पुण्याहून येऊन तिथल्याच विश्रामगृहाच्या ओट्यावर 'काय शांतता आहे नाही!' म्हणायचं. हे अन्याय्य दिसतं, कारण ते अन्याय्य आहेच. माझ्याकडे याचं समाधानकारक उत्तर नाही. एवढंच वाटतं, की गावकऱ्याला जागा सोडायला लावून मिळालेल्या जंगलात राहायचं तर निदान एसीचा आग्रह धरू नये. आयजीच्या जिवावर बायजी उदार, त्यातली बायजी आपण आहोत. तिने गप्प राहून वरणभात खावा.

म्हणून मागणं साधं आहे. आतली जुनी विश्रामगृहं जिथे शिल्लक आहेत तिथे पाडू नका, आणि एक खोलीही वाढवू नका. छपरं दुरुस्त करा, गाद्या बदला, स्वच्छतागृहं धड ठेवा. आरक्षणात काही खोल्या शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी आणि उठवलेल्या गावांतल्या कुटुंबांसाठी राखा, अगदी नाममात्र दरात. ज्यांच्या आजोबांचं शेत आज चौराचा भाग आहे, त्यांच्या नातवंडांना तिथे रात्र काढायला परवानगीची रांग लावावी लागू नये. आणि बाहेरच्या रिसॉर्टांना नदीपासून किती अंतर, किती उजेड, किती आवाज, याचे नियम कागदावर न ठेवता लावा. ढिकाल्यातल्या माणसाला जर दिवा मालवायला सांगता येतो, तर ढिकुलीतल्या नवरदेवालाही सांगता येईल.

आणि कॉमेंटमध्ये विचारणारच आहात म्हणून आधीच सांगते: हो, आरक्षण ऑनलाइन होतं आणि सुट्ट्यांतलं भराभर संपतं. हो, शाकाहारीच. नाही, मुलांसाठी 'ॲक्टिव्हिटी' नाहीत. माकडं तुमच्या ताटातला टोस्ट उचलून नेतील, तीच काय ती ॲक्टिव्हिटी. ज्यांना एवढ्याने भागत नसेल त्यांच्यासाठी तरणतलाव गेटाच्या अलीकडे भरपूर आहेत.